तात्याबा मिस्त्रीचा वहीम

“हिच्यावरून आजपातूर कोन कोन पडलंय?”

पाटोद्याच्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगणात पाऊल टाकल्यावर तात्याबा मिस्त्रीनं काढलेले हे पहिले शब्द. रामराम नाही, पाणी नाही. एका बाजूला डॉक्टरसाहेब, दुसऱ्या बाजूला त्यांचा कंपौंडर म्हणजे मी, आणि मधे गंजलेली फटफटी. मिस्त्रीनं तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, पण हात लावला नाही. डॉक्टरांना वाटलं होतं, गाडी बघून माणूस हरखून जाईल. आमच्या तालुक्यात तेव्हा दुसरी फटफटी नव्हती.

“कोणी पडलेलं नाही,” डॉक्टर म्हणाले.

“तसं कसं आसंल? म्होरल्या चाकाचा चिमटा वाकडा हाय हिचा. कुनीतरी पडलंय, आन इकनारानं तुमाला सांगितलं न्हाई.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. नगरच्या छावणीतून विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी ती मोठ्या हौसेनं घेतली होती. मग दोन पावसाळे ती पडवीत पडून राहिली, शेळ्यांनी तिचं आसन खाल्लं आणि नटबोल्ट गंजून जागच्या जागी बसले. इकडे दौऱ्याचा घोडा म्हातारा झाला होता. डोंगरकिन्हीचा उतार उतरताना तो मधेच उभा राही आणि डॉक्टरांना खाली उतरून त्याची समजूत घालावी लागे. तेव्हा कुठे त्यांना फटफटीची आठवण झाली आणि कोणीतरी शिरूर कासारच्या तात्याबा पांचाळाचं नाव सुचवलं. नाव सुचवतानाच त्या माणसानं सांगितलं होतं, “हात सोन्याचा हाय, पन लई वहिमी मानूस.”

काळ निजामाच्या राज्याचा. राज्य लांब हैदराबादेत होतं, पण संशय घेण्याची रीत थेट आमच्या तालुक्यापर्यंत पोचली होती. अमीन, म्हणजे आमचा फौजदार, रयतेवर संशय घेई, तहसीलदार अमिनावर, आणि रयत सगळ्यांवरच. त्यामुळे डॉक्टरांनी मला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं, याचं मला काही नवल वाटलं नाही.

“हे मिस्त्री लोक नवा बोल्ट दाखवतात आणि जुनाच घासून बसवतात. दुपारी पेशंट नसतात, तेव्हा तू अंगणात बसत जा. नजर ठेव.”

मला हे काम फार आवडलं. खोटं कशाला बोलू? माझं वय सव्वीस होतं, आणि जगातला प्रत्येक माणूस आपल्याला फसवायलाच निघालाय अशी माझी पक्की समजूत होती. मी स्टूल घेऊन लिंबाखाली बसलो. मिस्त्री पहिल्या दिवशी आपल्या कामात राहिला. दुसऱ्या दिवशी पाना हातात घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“कंपौंडरसाब, तुमाला माज्यावर ध्यान ठिवायला बसवलंय नव्हं?”

मी म्हटलं, “नाही, नाही. इथं सावली बरी आहे.”

“आसूंद्या. ठिवा ध्यान. मी बी तुमच्यावर ठिवणार हाय.”

आणि त्यानं ठेवलं. मी तंबाखू मळली तरी तो हातातलं काम थांबवून माझ्या हातांकडे बघे.

माणूस दिसायला अगदी साधा. अंगानं वाळका, मिशी पांढरी, डोक्याला विटकं मुंडासं, कमरेला चामड्याची पिशवी. गळ्यात जाड सुतळी आणि तिच्यात पदकासारखा एक नट ओवलेला. त्याचं कारण नंतर कळलं. बाजारातून आणलेला प्रत्येक बोल्ट तो त्या नटात फिरवून बघे. आटे गुळगुळीत बसले तर बोल्ट पास, नाही तर दुकानदाराच्या तोंडावर परत. हा एकच नट त्यानं भरवशाचा मानला होता, आणि तोसुद्धा त्यानं स्वतः आटे पाडून केलेला होता.

गाडी खोलण्याची त्याची तऱ्हा मी पुढे कुठे पाहिली नाही. त्यानं एक रुंद फळी आणली, तिच्यावर काळ्या मातीचा ओला थर दिला आणि बोटानं फटफटीचं चित्र काढलं. दोन चाकं, मधला सांगाडा, हातात धरायची दांडी. मग जो बोल्ट जिथून निघेल तो चित्रात त्याच जागी खुपसायचा. संध्याकाळपर्यंत सगळी फटफटी फळीवर उतरे, नुसत्या बोल्टांची. वर ओलं पोतं झाकायचं आणि पोत्याच्या चार कोपऱ्यांना चार दगड. सकाळी आल्यावर दगड जागचे हलले नाहीत ना, हे आधी बघायचं आणि मगच पोतं उचलायचं.

एकेक बोल्ट काढताना तो त्याची जन्मकुंडली वाचे. “ह्येला कुनीतरी जबरदस्तीनं आवळलंय, मान पिळली बगा ह्येची.” “ह्यो बिचारा सरळ हाय, गंजानं मेला.” एक बोल्ट त्यानं बराच वेळ उन्हात धरून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. “ह्यो हितला न्हाईच. बैलगाडीचा हाय. घासून घासून बसवलाय. घरजावई!”

मी म्हटलं, “मग तोच पुन्हा बसवा ना. इतकी वर्षं टिकला की.”

“एकदा खोललेला बोल्ट मी परत बसवत न्हाई. सगळे नवे. डाक्टरसाबला सांगा, पटत आसंल तर ठीक, न्हाईतर मी निगालो.”

हे ऐकून माझा संशय आणखीच पक्का झाला. सगळे नवे हवेत म्हणजे जुने हा कुठेतरी विकणार. मी संध्याकाळी डॉक्टरांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं ते सगळे जुने बोल्ट ऐरणीवर ठेवले आणि एकेकाच्या आट्यांवर घण मारून सगळे निकामी करून टाकले. माझ्याकडे न बघता म्हणाला, “कुनाला वाटू ने, इकले म्हनून.” मी तंबाखू मळत बसलो.

नवे बोल्ट आणायला तो स्वतः नगरला गेला. मी टपालानं मागवू म्हणालो तर त्यानं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी विषय सोडला. चार दिवसांनी यायचा तो आठवडा उलटून आला. झालं होतं असं, की नगर म्हणजे इंग्रजी मुलूख. येताना आष्टीच्या अलीकडे करोडगिरीचं नाकं, आपल्या राज्याची जकात. नाकेदारानं पिशवी उघडायला सांगितली. आत सदतीस पुड्या, प्रत्येक पुडीवर कोळशानं काढलेली खूण. नाकेदाराला वाटलं, अफू. मिस्त्री म्हणाला, बोल्ट. मग एकेक पुडी वेगळी बांधायचं कारण काय? मिस्त्री म्हणाला, एकामेकाला घासूने म्हनून. इतकं खरं उत्तर नाकेदाराच्या गळी उतरेना. त्यानं सगळ्या पुड्या फोडून बोल्ट एका घमेल्यात ओतले आणि घमेलं हलवून पाहिलं.

“हलीवलं हो त्येनं घमेलं!” मिस्त्री मला सांगत होता, तेव्हासुद्धा त्याचा आवाज चिरकला. त्या नाक्यावरच बसून त्यानं सदतीस बोल्ट गळ्यातल्या नटात पुन्हा फिरवून पाहिले, पुन्हा पुड्या बांधल्या, पुन्हा खुणा केल्या. मग नाकेदाराला वाटलं, हा माणूस वेडा तरी आहे किंवा फार बेरकी तरी. म्हणून त्यानं मिस्त्रीला आणखी एक दिवस ठेवून घेतलं.

अजून सांगाड्यावरचा जुना रंग काढायचं काम राहिलं होतं. चुना आणि पापडखार कालवून त्यानं तो चिखल सांगाड्यावर थापला. रंगाचे पापुद्रे सुटून आले, एकाखाली एक तीन थर. “तीनदा झाकलंय,” तो म्हणाला. मग त्यानं उघडा सांगाडा लिंबाच्या फांदीला दोरखंडानं टांगला आणि लहान हातोडीनं सगळीकडून वाजवत फिरला. टण्ण, टण्ण, टण्ण. पुढच्या मानेपाशी आला आणि टप्प झालं. त्यानं पुन्हा वाजवलं. पुन्हा टप्प.

त्यानं त्या जागी रॉकेल चोळलं, कोरड्या फडक्यानं खरखरून पुसून काढलं आणि वर चुन्याचा पातळ हात दिला. चुना वाळून पांढरा झाला. आम्ही दोघं बघत बसलो. थोड्या वेळानं त्या पांढऱ्यावर केसाएवढी काळपट ओली रेघ उमटली. भेगेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. अंगठ्याएवढी भेग, रंगाखाली लपवलेली. दवाखान्यात मी इतके रोग पाहिले होते, पण असा झाकून ठेवलेला पाहिला नव्हता.

डॉक्टरांना मात्र तो बनाव वाटला. “पंधरा दिवसांचं काम दोन महिन्यांवर न्यायची युक्ती आहे ही. रंग दे आणि मोकळा हो.”

“डाक्टरसाब, मोडल्या हाडावर लाल औषिद लावून हाड जुडतंय व्हय?” मिस्त्री म्हणाला. “रंग म्हंजी निस्तं झाकन. मी झाकनार न्हाई. घाटात मान तुटली तर तुमी तर जाताल, मागं मला कोन सोडंल?”

शेवटी सांगाडा बैलगाडीत घालून शिरूर कासारला गेला. तिथल्या एका कासारावर मिस्त्रीचा अर्धामुर्धा विश्वास होता. भट्टीपाशी बसून, डोळ्यात तेल घालून, त्यानं ती भेग पितळेनं भरून घेतली आणि परत आणून पुन्हा रॉकेल आणि चुना केला. रेघ उमटली नाही. तरी तो दुसऱ्या दिवशी सकाळी चुन्याकडे बघून आलाच.

या सगळ्या प्रकारानं गाव बिथरलं. लिंबाला टांगलेला लोखंडी सांगाडा, त्याला फासलेला चुना, आणि खाली बसलेला एक अबोल माणूस. दवाखान्यात येणाऱ्या बायका अंगणाकडे पाठ करून बसू लागल्या. करणी म्हणून बोभाटा झाला. चावडीवर तर अशी खबर गेली की दवाखान्यामागं बंदुकीच्या नळ्या तयार होतायत. मग अमीनसाहेब आले. त्यांनी सांगाड्याच्या नळीला डोळा लावला.

“ये नली काहे की है?”

“डाक्टरसाबच्या फटफटीची.”

“दोनो तरफ से खुली क्यूं है?”

“म्हंजी काय साहेब, बंद आसती तर तुमाला पलीकडचं दिसलं आसतं का?”

अमीनसाहेबांनी एक पोलीस तिथंच ठेवून दिला. आता त्या फटफटीपायी मिस्त्रीवर माझी नजर, माझ्यावर मिस्त्रीची आणि आम्हा दोघांवर पोलिसाची. डॉक्टर खिडकीतून तिघांकडे बघत.

त्याच दिवसांत एकदा, भाकरी खाता खाता, मिस्त्री आपणहून बोलला. सगळा मिळून एकदाच. मी विचारलं होतं, “मिस्त्री, कोणावरच कसा विश्वास नाही तुमचा?”

“कावून इचारता?”

“सहज.”

त्यानं घास गिळला. मग म्हणाला, “माजा भाऊ व्हता, नामा. धाकटा. बीडाहून नगरला सर्विस मोटार चालवायचा. नटबोल्ट माज्याकडं. एक दिस मोटार घाटातून खाली गेली. चाक वळवायच्या दांडीचा नट निगाला व्हता. नामा जाग्यावर गेला. मालक म्हनला, मिस्त्रीनं ढिला ठिवला. दीड साल आत व्हतो मी.”

“आणि तुम्ही ठेवला होता ढिला?”

असं विचारायला नको होतं. पण माझा स्वभावच तसा होता.

“मी आवळलावता,” तो म्हणाला. “ह्या हातानं आवळलावता. कुनीतरी मागून खोलला. आसं मी समद्यांला सांगितलं. कुनी कबूल झालं न्हाई. आता आठरा सालं झाली. तेच तेच इचार करून करून कंपौंडरसाब, आता मलाच माज्या हातावर वहीम येतो. आवळलावता का न्हाई?” त्यानं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. त्यानंतर तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

रंगाचं काम त्यानं घरचं लग्न असल्यासारखं केलं. जवसाचं तेल उकळून त्यात राळ विरघळवली, दिव्याची काजळी खलून मिसळली. अंगणात सकाळ-संध्याकाळ सडा. झाडू मारायला बंदी. सभोवार ओल्या गोणपाटांचे पडदे. रंगाचा एक हात द्यायचा, चरात शेणकुटांची मंद धग करून वर पत्रा झाकून सांगाडा दिवसभर शेकायचा, मग राखेनं घासून पुन्हा दुसरा हात. मला शिंक आली की तो पडद्याबाहेर बोट दाखवी. तिसऱ्या हातानंतर त्यानं पत्रा उचलला तेव्हा पोलीससुद्धा उठून उभा राहिला. सांगाड्यात आमचे चेहरे दिसत होते.

मग जुळवाजुळव. दर नट आवळून झाला की तेलात कालवलेल्या शेंदराची एक बारीक रेघ तो ओढी, अर्धी नटावर आणि अर्धी सांगाड्यावर.

“हे कशाला?” डॉक्टरांनी विचारलं.

“कुनी नट हलीवला तर रेघ मोडती. मग मला कळतं.”

डॉक्टर हसले. पण दवाखान्याचा शिपाई दगडू हसला नाही. तो हनुमानाचा मोठा भक्त. लोखंडावर जागोजागी शेंदूर पाहून त्यानं चपला काढून ठेवल्या आणि येता-जाता गाडीला हात जोडायला सुरुवात केली. मिस्त्री रोज सकाळी सगळ्या रेघा बघत फिरे, तेव्हा दगडूला वाटे, हा प्रदक्षिणा घालतोय.

दसऱ्याला सकाळी गाडी बाहेर काढायची असं ठरलं. डॉक्टर तिच्यावर बसून डोंगरकिन्हीला जाणार, तिथं एका पोराच्या मांडीवरचं गळू फोडणार आणि सीमोल्लंघनाच्या आत परत येणार. दसऱ्याच्या आदल्या दुपारी मिस्त्री नदीवर आंघोळीला गेला होता. पोलीस कधीच परत बोलावला होता. मी स्टुलावर एकटा. समोर मिस्त्रीची पिशवी, आणि तिच्या तोंडाशी बोल्टाची एक पुडी. न फोडलेली.

सदतीस आणले होते. म्हणजे एक बसवलाच नाही! कुठेतरी जुना घासून बसवला असणार. दोन महिने मी ज्याची वाट बघत होतो, ते सापडलं होतं. मी त्याचाच पाना उचलला. पुढच्या चिमट्याच्या खालच्या जोडाचा नट मला हाताशी आला. तो खोलला, बोल्ट ओढून पाहिला. कोरा करकरीत होता. आटे चांदीसारखे. मग मला कळलं, शहाणा माणूस एखादा बोल्ट जास्तीचा आणतोच. मी घाईघाईनं बोल्ट आत सारला, नट जसा जमेल तसा आवळला आणि पाहिलं तर शेंदराची रेघ तुटून दोन तुकडे दोन दिशांना गेलेले. नवी रेघ ओढावी तर तसा हात कुठून आणू? सकाळी तो बघणार. आणि त्याला कोणावर वहीम येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

संध्याकाळी मी दगडूला गाठलं. “उद्या दसरा. गाडीला नीट आंघोळ घाल. जुना शेंदूर सगळा पुसून काढ आणि नवा लाव. भरपूर लाव.”

दगडूला तेच हवं होतं. दसऱ्याच्या दिवशी उजाडायच्या आत त्यानं फटफटीला ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं, झेंडूच्या माळा घातल्या आणि प्रत्येक नटावर बोटभर शेंदूर थापला. एवढ्या थाटात तर त्यानं घरच्या कोयत्या-कुऱ्हाडींची पूजा केली नसेल.

मिस्त्री आला, तेव्हा अंगणात माणसं जमली होती. डॉक्टर नवे बूट घालून तयार. अमीनसाहेबही दोन पोलीस घेऊन मौज बघायला आलेले. मिस्त्रीनं गाडी पाहिली आणि जागीच थबकला.

“रेघा कुनी पुसल्या?”

“म्या,” दगडू अभिमानानं म्हणाला. “द्येवाचं काम हाय मिस्त्री.”

“त्येच्या आदी रेघा शाबूत व्हत्या का? बगितल्या का तू?”

“अंधारात काय बगू?”

मिस्त्री डॉक्टरांकडे वळला. “चार तास द्या. समदे नट परत बगतो. तवर गाडी हालायची न्हाई.”

“चार तास?” डॉक्टर म्हणाले. “अरे, त्यानं पूजा केली, नट नाही सोडले. तिकडं पोर तळमळतंय.”

“घोड्यावर जावा.”

लोक हसले. डॉक्टरांचे कान लाल झाले. ते गाडीकडे निघाले, तसा मिस्त्री पुढं झाला, एका हिसक्यात इंजिनाचा प्लग काढला आणि मुठीत धरून पाठीमागं नेला.

“साब, हात जोडतो. रेघ न्हाई तर मला काईच सांगता येत न्हाई. मी आवळलावता, एवढंच सांगता येतं. ते मी मागं बी सांगितलं व्हतं.”

हे शेवटचं वाक्य कोणाला कळलं नाही. मला कळलं. अमीनसाहेबांनी खूण केली. दोन पोलिसांनी मिस्त्रीला धरलं आणि त्याची मूठ उघडायला लागले. एकेक बोट मागं मुरगाळत होते. तो ओरडला नाही, पण मूठ सोडेना. नोकरी, अब्रू, सरकारी माणसाच्या गाडीशी केलेला खेळ, सगळं डोळ्यांपुढून गेलं. करंगळीचा कडकन आवाज आला.

“सोडा त्याला,” मी म्हणालो. “मी नट खोलला होता. काल दुपारी. दगडूला शेंदूर पुसायला मीच सांगितलं.”

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मिस्त्री मात्र नुसता एवढंच म्हणाला, “कोनता?”

मी दाखवला.

“आतलं वायसर?”

“कसलं वायसर?”

तो गुडघ्यांवर बसला. शेंदूर पुसला. दुखरा हात मांडीवर ठेवून दुसऱ्या हाताच्या चिमटीनं त्यानं तो नट फिरवला. पाना लागलाच नाही. बोटांनी फिरवता फिरवता सगळा नट बाहेर आला आणि त्याच्या तळव्यावर पडला. आतली कातरलेली चकती, जी नटाला धरून ठेवते, ती तिथं नव्हती. ती दोन हातांवर गवतात पडलेली दगडूला सापडली. डॉक्टरांनी गाडीच्या आसनाला हात टेकला. डोंगरकिन्हीचा उतार त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होता.

मला वाटलं, आता हा पाना माझ्या डोक्यात घालणार. मी तयारही होतो. पण मिस्त्री त्या नटाकडेच बघत होता.

“म्हंजी आसं व्हतं तर,” तो हळूच म्हणाला. “हात लावत्यात. लावत्यात आन गप बसत्यात.” मग माझ्याकडे पाहून, “तुमी सांगितलं. नामाच्या टायमाला कुनी सांगितलं न्हाई.” त्याचे डोळे वाहू लागले आणि तो ते पुसेना.

मीही रडत होतो. लाज वाटत होती, आणि तरीही आपण आज प्रथमच काहीतरी बरं केलंय असंही वाटत होतं. दोन्ही एकदमच.

करंगळीला मी खपच्या घालून पट्टी बांधली. मग तो उरलेल्या सगळ्या नटांवरून पाना फिरवून आला. पस्तीस नट जागच्या जागी होते. छत्तिसाव्यापाशी त्यानं मला बोलावलं. चकती माझ्या हातात ठेवली, नट ठेवला, पाना दिला.

“लावा.”

मी लावला. अंगातली सगळी ताकद घालून आवळला. तोवर तो पाठमोरा होऊन दगडूकडून पाणी घेऊन पीत होता.

“झालं का?”

“झालं. बघून घ्या.”

“झालं नव्हं? मग झालं,” तो म्हणाला आणि बघायला आला नाही.

मिस्त्रीनं प्लग परत बसवला आणि डॉक्टर गेले. फट फट आवाज डोंगराकडे विरत गेला. लोक पांगले. मी दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसलो. नट आवळला होता ना? आटा तिरपा तर चढला नाही? चकती नीट बसली होती की कडेला सरकली? माझ्याच हातावर माझा भरवसा उरला नाही. मिस्त्री शेजारी येऊन टेकला. मी त्याला विचारणार होतो, की आत्ता जाऊन डॉक्टरांना वाटेत गाठता येईल का. पण वळून बघतो तर तो भिंतीला डोकं टेकून झोपलेला. तोंड उघडं, मुंडासं एका बाजूला घसरलेलं, पट्टीचा हात मांडीवर मोकळा. बायामाणसं औषधाला येऊन गेली, पोरं गाडीची चाकोरी बघायला येऊन कालवा करून गेली, तरी तो जागा झाला नाही. उन्हं आली तशी मी उठून त्याच्यावर सावली धरली. दुपार कलेपर्यंत मी तसाच उभा होतो, कान डोंगराकडे लावून.

पुढं डॉक्टरांनी मला काढलं नाही. औषधांच्या कपाटाची किल्ली मात्र महिनाभर स्वतःकडे ठेवली.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. ओढ्यापलीकडून पहिल्यांदा आवाज आला, तेव्हा मला भास वाटला. मग तो वाढत गेला, फट फट फट, एकसारखा. मी मिस्त्रीला हलवलं. “आले, मिस्त्री! आले डॉक्टर!”

त्यानं डोळे उघडले, क्षणभर कान दिला आणि जांभई दिली. उठून मुंडासं बांधलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि गाडी दिसायच्या आत शिरूरच्या वाटेला लागला. कवठाच्या झाडापर्यंत तो मला दिसत होता. हात मोकळे सोडून, सावकाश, शेतावरून घरी चाललेल्या कुठल्याही माणसासारखा चालला होता. एकदाही मागं वळून बघितलं नाही त्यानं.